फणसाच्या करंड्याचं झाकण का अडकलं?

डिसेंबर २०२२ मध्ये शिकागोजवळून एका ताईंचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी मी कातून दिलेला करंडा कॅमेऱ्यासमोर धरला आणि हलवला. आतून काचेच्या बांगड्यांचा किणकिणाट आला. "दादा, आजीच्या बांगड्या आत आहेत आणि झाकण निघत नाहीये. पंधरा दिवस झाले. मिस्टरांनी पण जोर लावून पाहिला."

कोकणात राहणाऱ्या माणसाला लाकडाचा एकच रोग पाठ असतो. पावसाळा आला की दार फुगतं, उंबऱ्याला घासतं, कपाटाचा खण ओढता ओढता हातात मूठ येते. मीही क्षणभर न थांबता सांगून टाकलं, "लाकूड फुगलं असणार. बाहेर बर्फ आहे ना, ओल धरली असेल. दोन-तीन दिवस हीटरजवळ ठेवा, सुकलं की आपोआप सुटेल."

त्यांनी ठेवला. तिसऱ्या रात्री स्वयंपाकघरातून 'टक्' असा आवाज आला. सकाळी बघतात तर झाकणाला काठापासून मुठीपर्यंत चीर पडलेली, आणि झाकण जागच्या जागीच घट्ट.

गेली अठरा वर्षं माझा कुडाळजवळ लेथचा, म्हणजे लाकूड फिरवत ठेवून कातायच्या यंत्राचा, कारखाना आहे. पलंगाचे पाय, जिन्याच्या कठड्याचे खांब, देव्हाऱ्याचे कळस, पाटाचे पाय हे रोजचं काम. झाकणाची पोकळ भांडी हा हौसेचा भाग, वर्षाला पाच-सहा होतात. हा करंडा त्यातला सगळ्यात मोठा होता, आणि त्यात मी केलेली चूक ओळखायला मला तीन महिने लागले. सगळं सविस्तर लिहितोय, कारण असं भांडं कातणारा प्रत्येक जण कधी ना कधी या जागी येतो.

झाड आणि ठोकळा

१६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून वर सरकलं. त्यात ताईंच्या माहेरी, मालवण तालुक्यात, घरामागचा फणस मुळासकट आडवा झाला. कापा फणस, बरका नव्हे. हे त्यांनी मला फोनवर तीनदा बजावलं होतं. बुंधा जवळजवळ दोन फूट जाड. भावाने ओंडके करून घेतले, काही विकले आणि दोन माझ्याकडे पाठवले. मागणी साधी होती. या झाडाचं काहीतरी घरात असावं, आणि त्यात आजीच्या बांगड्या राहाव्यात.

फणसाचं लाकूड मला आवडतं. ताजं कापलं की हळदीसारखं पिवळं दिसतं, उन्हापाण्याने वर्षागणिक तपकिरी होत जातं. सागाइतकं तेलकट नाही, पण धार लावलेल्या हत्याराखाली छान सुटतं. ओलं असताना चीक मात्र छळतो. हत्यारावर, बोटांवर, लेथच्या बेडवर सगळीकडे चिकटतो आणि रॉकेलच्या फडक्याशिवाय जात नाही.

ओंडका मी मधोमध उभा चिरून घेतला. मधली नाळ, म्हणजे झाडाचा अगदी मध्यबिंदू, भांड्यात ठेवायची नाही हे ठरलेलं. ती ठेवली की सुकताना तिथूनच तडे सुटतात. अर्ध्या ओंडक्यातून २२० मिलिमीटर व्यासाचा, २४० उंचीचा ठोकळा निघाला. रेषा उभी, म्हणजे झाड जसं उभं होतं तशीच भांड्याची उभी धरली. भांडं लेथवर ज्या अक्षाभोवती फिरणार, त्याच दिशेने लाकडाचे धागे. करंडा, डबी, लाटणं, पलंगाचा पाय हे सगळं असंच कातलं जातं. ताट, परात, पसरट वाडगा कातायचा तर फळीतून चकती काढतात आणि धागे आडवे येतात. हा फरक वाचताना किरकोळ वाटतो. मलाही वाटला होता.

जुलै २०२१ मध्ये ओलं असतानाच पहिलं कातकाम केलं. बाहेरून आकार दिला, वरून २५ मिलिमीटरच्या गिरमिटाने खोलीपर्यंत भोक पाडलं आणि मग तोंडातून आत कोरायला सुरुवात केली. उभ्या रेषेच्या लाकडात आत कोरताना हत्यार मध्यापासून काठाकडे न्यावं लागतं. ताटाच्या नेमकं उलटं. काठाकडून मध्याकडे नेलं तर धागे उचकटतात आणि आतली बाजू झाडूच्या बुडासारखी होते. तोंड जेमतेम ८० मिलिमीटरचं. खांद्याखालची जागा सरळ हत्याराला दिसतच नाही, तिथे वाकड्या टोकाचं कोरणं लागतं, आणि टूल रेस्टच्या, म्हणजे हत्यार टेकवायच्या आडव्या पट्टीच्या, पुढे ते वीतभर बाहेर लोंबकळतं. जरा जास्त खाल्लं की दांडा मनगटाला हिसका देतो. आत काय चाललंय ते डोळ्यांना कळत नाही, कानाला कळतं. भिंत जाड असते तोवर आवाज भरलेल्या माठासारखा बद्द येतो, पातळ होत गेली की वर चढतो. दर मिनिटा-दोन मिनिटांनी मशीन बंद करून चिकट भुसा बोटाने बाहेर काढायचा. तो आत दाटला की हत्यार त्यात अडकतं आणि भांडं चकमधून, म्हणजे लेथच्या पकडीतून, उपटून येतं. माझं एकदा आलंय, भिंतीवर खूण अजून आहे.

पहिल्या कातकामात भिंत २५ मिलिमीटर ठेवली. व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढी किंवा थोडी जास्त, हा नेहमीचा अंदाज. मग कागदात गुंडाळून माळ्यावर. ओलं लाकूड सुकताना वाकडं होणारच. ते आधीच वाकडं होऊ द्यायचं आणि मग उरलेल्या जाडीतून पुन्हा गोल काढायचं. श्रावणात कागदावर हिरवी बुरशी आली, दर चार दिवसांनी कागद बदलावा लागला. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. ३ किलो ३०० ग्रॅमपासून सुरुवात, मार्च २०२२ अखेर २ किलो २०० ग्रॅमवर येऊन थांबलं. तीन आठवडे वजन हललं नाही तेव्हा ते पुन्हा लेथवर चढवलं. व्यास एका दिशेला दुसरीपेक्षा पाच मिलिमीटरने कमी झाला होता. गोल भांड्याचं बटाट्यासारखं झालेलं. यात काही विशेष नाही, असंच होतं.

झाकण बदललं ती संध्याकाळ

मे महिन्यात भिंत ७ मिलिमीटरवर आणली. गळ्याचा बाहेरचा व्यास बरोब्बर ९२ मिलिमीटर. झाकण त्यावर बाहेरून बसणार होतं. ते मी त्याच ओंडक्याच्या वरच्या टोकातून, उभ्या रेषेत, आधीच काढून सुकवून ठेवलेलं होतं. इथपर्यंत सगळं बरोबर.

२५ मेच्या संध्याकाळी त्या झाकणाची मूठ कातताना तिरकी पटाशी अडकली. एक क्षण. झाकण उडालं, लेथच्या पायावर आपटलं आणि दोन तुकडे झाले. ताई आल्या होत्या, ४ जूनचं त्यांचं विमान होतं. त्या ओंडक्याचं एक बेचक्याचं तोंड उरलं होतं, पण ते सुकलेलं नव्हतं. पडवीत त्याच झाडाची ४५ मिलिमीटर जाड फळी मात्र टेकवलेली होती, वर्षभर सुकलेली. त्यातून चकती काढली. मॉइश्चर मीटर लावला, करंडा १४ टक्के, फळी १४ टक्के. त्याच झाडाचं, त्याच ओलाव्याचं लाकूड. आणखी काय पाहिजे?

खरं सांगायचं तर नवं झाकण जुन्यापेक्षा देखणं झालं. फळीच्या अंगावर फणसाची जी ज्वाळेसारखी नक्षी उमटते ती नेमकी माथ्यावर आली. आतला व्यास ९२.३ ठेवला. झाकण सोडलं की हवेच्या गादीवर हळूहळू खाली बसायचं आणि काढताना 'पप्' असा आवाज यायचा. ताईंनी तो आवाज आठ-दहा वेळा काढून पाहिला. आम्ही सगळे खूश. बाहेरून लाखेचं पॉलिश, आतून तसंच कोरं.

कुडाळात आल्यावर

फेब्रुवारी २०२३ मध्ये ताईंचे आईबाबा अमेरिकेहून परतताना करंडा घेऊन आले. मी तो टेबलावर ठेवला आणि दुसऱ्या कामात अडकलो. पंधरा-वीस दिवसांनी सहज झाकणाला हात घातला, जरासं पिळलं, आणि ते निघालं. थोडं घट्ट, पण निघालं. आत बांगड्या सगळ्या शाबूत, एकही वाढली नव्हती.

इथे मी चक्रावलो. फुगल्यामुळे अडकलं असेल तर कोकणच्या दमट हवेत ते आणखी अडकायला हवं होतं. इथे येऊन सुटलं, म्हणजे अडकलं होतं ते सुकल्यामुळे. पण झाकण आणि गळा दोन्ही एकाच झाडाचे. सुकले तर दोघेही सुकणार, दोघेही आकसणार. अडकावं कशाला?

सावंतवाडीजवळ एक म्हातारे कातारी आहेत, आता काम करत नाहीत. तरुणपणी दोरीच्या लेथवर बसलेले. एकाने दोरी ओढायची, दुसऱ्याने हत्यार धरायचं. भातुकली, लाटणी आणि कुंकवाचे करंडे त्यांनी आयुष्यभर केले. मार्चमध्ये त्यांच्याकडे करंडा घेऊन गेलो. त्यांनी तो आधी उलटा केला. बूड बघितलं, वाढीची वलयं बोटाने चाचपली. मग झाकण उन्हाकडे धरलं.

"ह्यां झाकाण ह्या करंड्याचा नाय."

"त्याच झाडाचं आहे, आबा."

"झाडाचा आसात. दांड्याचा नाय. पोटाची रेष उभी, झाकणाची आडवी. कसा जमतला?"

त्यांच्या काळी करंडा एका दांड्यातून कातायचे. खालून करंडा, त्याच दांड्याच्या वरच्या टोकाचं झाकण, मध्ये करवतीने एक काप. लाकूड वाया घालवायचं नाही हा मुख्य हेतू. रेषा जुळणं त्यात फुकट मिळायचं. मी मात्र कठड्याच्या खांबांवर वाढलेला. खांबाला झाकण नसतं, त्यामुळे रेषेचा असा हिशेब करायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती.

जुना फ्रिज आणि व्हर्निअर

आबांचं पटलं होतं, पण आकडे बघितल्याशिवाय मला झोप लागत नाही. कारखान्यात एक मेलेला फ्रिज आहे. त्यात खाली ४० वॅटचा पिवळा बल्ब, वर-खाली दोन भोकं, आत आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ. लाकूड सुकवायला आम्ही तो वापरतो. त्यात करंडा आणि झाकण वेगवेगळे ठेवले आणि आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास राहील असं जमवलं. थंडीत हीटर लावलेल्या बंद घरात हवा इतकी किंवा याहून कोरडी असते. बाहेर बर्फ असला तरी त्या गार हवेत पाणी फारच थोडं असतं. तीच हवा आत घेऊन तापवली की ती आणखी कोरडी पडते. मी हीटरजवळ ठेवायला सांगितलं म्हणजे काय केलं, ते इथे कळलं.

लाकूड हवेशी जुळवून घेतं. हवेत ६५ टक्के आर्द्रता असेल तर लाकडात साधारण १२ टक्के ओलावा राहतो, ८० टक्के असेल तर १६च्या आसपास, आणि ३० टक्के असेल तर जेमतेम ६. पॉलिशने ही देवाणघेवाण मंदावते, थांबत नाही. आणि आतून तर मी पॉलिश केलंच नव्हतं.

आता आकसण्याचा स्वभाव. लाकूड धाग्याच्या लांबीत जवळजवळ आकसतच नाही. धाग्याला आडवं मात्र आकसतं, आणि त्यातही दोन दिशा निराळ्या. वलयांच्या कडेकडेने, म्हणजे वलयाच्या गोलाईत, ते वलयं ओलांडून जाणाऱ्या दिशेपेक्षा सुमारे दुप्पट आकसतं. सागासारख्या शांत लाकडातसुद्धा ओलाव्याच्या दर एक टक्क्यामागे वलयाच्या कडेने अंदाजे ०.१८ ते ०.२ टक्के आणि वलयं ओलांडून ०.१ टक्क्याच्या आतबाहेर. १४ वरून ६ वर यायचं म्हणजे आठ टक्के. ९२ मिलिमीटरवर हा हिशेब करून बघा, एका दिशेला सव्वा मिलिमीटरच्या वर जातो.

चार आठवड्यांनी वजन हलायचं थांबलं, तेव्हा व्हर्निअर लावला. गळा वलयाच्या कडेने ९०.७ भरला आणि वलयं ओलांडून ९१.३. पूर्वी तो चहूकडून ९२ होता, आता किंचित लंबगोल. झाकणाचा आतला व्यास धाग्याच्या दिशेने अजूनही ९२.३, केसभर हललेला नाही. त्याच्या काटकोनात मात्र ९१.०.

ही चार मापं कागदावर लिहिली आणि झाकण हातात घेऊन गळ्यावर फिरवत बसलो. एका जागी ते सहज बसतं. झाकणाची ९१.० ची अरुंद बाजू गळ्याच्या ९०.७ वर आली की तीन दशांशाची जागा उरते. दुसऱ्या बाजूला तर पुरतं एक मिलिमीटर ढिलं, झाकण डुगडुगतं. पण तिथून पाव वळसा फिरवलं की अरुंद बाजू ९१.३ वर येते, आणि ९१.० मध्ये ९१.३ मावत नाही. जून महिन्यात सगळं गोल होतं तेव्हा झाकण कसंही बसायचं. ताईंनी माथ्यावरची नक्षी समोर दिसावी म्हणून ते नेमकं या उलट्या जागी बसवून शोकेसमध्ये ठेवलं होतं, आणि थंडी सुरू झाल्यावर ते जागच्या जागी गळ्यावर आवळत गेलं. मी हीटर सांगितल्यावर उरलासुरला ओलावाही गेला. गळा आतून झाकणाला धाग्याच्या आडव्या दिशेने ताणत होता. लाकडाची सगळ्यात कमकुवत ताकद तीच, सरपण फोडताना आपण तिचाच फायदा घेतो. चीर धाग्याच्या दिशेने पडली यात नवल काहीच नव्हतं.

फेब्रुवारीत इथे ते का सुटलं हेही यातच आलं. इथल्या हवेत लाकूड परत ११-१२ टक्क्यांवर आलं, झाकणाची अरुंद बाजू गळ्यापेक्षा केसभर मोठी झाली, सुटलं.

डिसेंबरच्या त्या कॉलवर काय सांगायला हवं होतं? करंडा मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला, शेजारी वाटीत पिळलेलं ओलं फडकं ठेवा, लाकडाला पाणी लागू देऊ नका, पिशवीचं तोंड बांधा आणि आठवडा-दहा दिवस वाट बघा. एवढंच. नंतर मी ते दुसऱ्या एका डबीवर करून पाहिलं, नवव्या दिवशी झाकण सुटलं. ताईंना फोन करून चूक माझी होती हे सांगितलं. चीर पडण्याआधी त्यांनी जोर लावला म्हणून झालं असेल असं त्या स्वतःलाच बोल लावत होत्या, ते जास्त लागलं.

नवं झाकण

दुरुस्तीचे तीन-चार मार्ग समोर होते. चिरलेलं झाकण चिकटवून आतून तासून मोठं करायचं, हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट; पुढच्या थंडीत तीच गोष्ट. गळ्यावर काळ्या शिसवीची वेगळी कडी बसवायची, असं बरेच जण करतात आणि दिसतंही सुरेख. पण ती कडी स्वतःच्या चालीने आकसणार, आतला फणस त्याच्या चालीने, आणि मध्ये सरसाचा थर. लहान डबीत हे खपून जातं, ९२ मिलिमीटरवर मला धाडस झालं नाही. कॉर्कची पट्टी लावायचा विचार आला आणि गेला. आजीच्या फणसाला बाटलीचं बूच कशाला?

शेवटी ते बेचक्याचं तोंड काढलं. आता ते पावणेदोन वर्षं सुकलेलं होतं. करंडा ज्या ओंडक्याचा, त्याचंच वरचं टोक, नाळेपासून साधारण तेवढ्याच अंतरावरचं. त्यातून उभ्या रेषेचा ठोकळा घेतला. बुडावरच्या वलयांच्या दिशेची पेन्सिलीची रेघ करंड्याच्या खांद्यापर्यंत आणून ठेवली होती, तशीच रेघ ठोकळ्यावर मारली, म्हणजे दोन्हींची वलयं एकाच बाजूला वाकलेली राहतील. आता झाकण लंबगोल होणारच, गळाही होणार, पण दोघे एकाच दिशेला.

ठोकळा आधी ढोबळ कातला आणि करंड्याबरोबर फ्रिजमध्ये टाकला. इथे एक निर्णय घ्यावा लागला. कोकणात ते १५ टक्क्यांवर राहणार आणि तिथे हिवाळ्यात ६ वर. मी दोघांना साडेदहा टक्क्यांच्या आसपास आणून मगच शेवटचं माप दिलं, म्हणजे दोन्हीकडे सारखीच फरफट. ही वेळ साधायची म्हणजे फ्रिजमधून काढल्यावर लगेच कातायचं. कुडाळच्या एप्रिलमध्ये तासभर जरी उघडं राहिलं तरी वरचा थर ओलावा ओढायला लागतो. मध्येच लाईट गेली तेव्हा मी दोन्ही तुकडे प्लास्टिकमध्ये गुंडाळून, मांडीवर घेऊन बसलो होतो. बायकोने फोटो काढलाय.

सांधाही बदलला. आधीचा गळा १२ मिलिमीटर उंच होता आणि त्यावर झाकण सरळ उभ्या भिंतीने बसायचं. तो कापून ५ मिलिमीटरवर आणला. पुन्हा गोल करताना लंबगोलपणा काढण्यापुरतं व्यासातून थोडं गेलं. झाकणाच्या आतल्या भिंतीला अगदी किंचित उतार दिला, खाली रुंद, वर अरुंद. त्यामुळे झाकण जसं उचललं जातं तसं सैल होत जातं. वर जाताना घासत नाही. मोकळीक सगळीकडून मिळून अर्धा मिलिमीटर. झाकणाच्या आत आणि करंड्याच्या पोटातही या वेळी लाखेचं पॉलिश दिलं. कातताना लाखेची कांडी दाबून घर्षणाच्या उष्णतेने चढवायची जी रीत चन्नपट्टणला आहे, तिथे वर केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणतात. माझ्याकडे केवडा आहे, पण आत हात पोहोचत नव्हता, तिथे पातळ लाख फडक्याने लावली. आत-बाहेर सारखं पॉलिश असलं की ओलावा दोन्ही बाजूंनी सारख्याच वेगाने जातो-येतो. एकाच बाजूला दिलं की भिंत वाकायला बघते, हे मला कळत होतं. तरी मागच्या वेळी घाई होती म्हणून सोडलं होतं.

झाकण घट्ट बसून 'पप्' वाजलं पाहिजे हा आपल्या कातकाम करणाऱ्यांचा षोक आहे, असं आता माझं मत झालंय. दुकानात गिऱ्हाईक तो आवाज ऐकून खूश होतं आणि आपली छाती फुगते. पण तो आवाज त्या दिवसाच्या, त्या गावाच्या हवेतला असतो. साठ-सत्तर मिलिमीटरपर्यंतच्या, एकाच दांड्याच्या डबीत तो टिकवता येतो, त्याहून मोठ्या भांड्याला झाकण नुसतं टेकून बसलेलं बरं. देवळातल्या कलशावरचा नारळ काही चपखल बसवलेला नसतो.

आबांना दाखवायला नेलं. त्यांनी पुन्हा आधी बूड बघितलं, मग झाकणाचा माथा. नक्षी आता गेली होती. उभ्या रेषेच्या झाकणावर नुसते वलयांचे कंस दिसतात. "आता करंडो झालो," म्हणाले, आणि खूण कर म्हणून सांगितलं. झाकण करंड्यावर एकाच जागी नीट बसणार, मग ती जागा बघणाऱ्याला कळायला नको? मी झाकणाच्या काठावर आणि करंड्याच्या खांद्यावर पितळी खिळ्याचं एकेक टोक ठोकून, डोकं कापून, घासून सपाट केलं. तांदळाएवढे दोन ठिपके. समोरासमोर आले की झाकण जागेवर.

मे २०२३ मध्ये करंडा परत गेला. बांगड्या ताईंच्या आईने हातातल्या पिशवीत वेगळ्या नेल्या. पैसे घेतले नाहीत. घ्यायचा प्रश्नच नव्हता.

जानेवारी २०२४ मध्ये त्यांचा फोटो आला. करंड्याशेजारी आर्द्रतेचं घड्याळ, त्यावर २४ टक्के, झाकण शेजारी उघडं, बांगड्या बाहेर. खाली लिहिलं होतं की झाकण रोज निघतं, ठिपके जुळवले तर डुगडुगतही नाही, पण दादा, तो आवाज काही येत नाही.